आलेख वर, हात तिथेच

पुण्यात आता 'रोबोटिक फिजिओथेरपी'च्या जाहिराती दिसायला लागल्या आहेत. फोटो साधारण ठरलेला. पांढऱ्या यंत्रात अडकवलेला एक हात, समोरच्या पडद्यावर पडणारी सफरचंदं नाहीतर उडणारे फुगे, आणि हसऱ्या चेहऱ्याचे एक काका. शेजारी आलेख. हा आलेख नेहमी डावीकडून उजवीकडे वर जातो. खाली जाणारा मी अजून एकाही जाहिरातीत पाहिलेला नाही. आमच्या हापिसातल्या क्लायंट प्रेझेंटेशनमध्येही पाहिलेला नाही म्हणा, त्यामुळे असे आलेख कसे जन्माला येतात हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

आधीच सांगून टाकतो, माझं भांडण रोबोशी नाही, त्या आलेखाशी आहे. पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लागला की नाही, हे ठरवायचा अधिकार आपण त्याच यंत्राला देऊन बसलो आहोत जे यंत्र तो हात हलवतंय. आमच्या धंद्यात ज्याने कोड लिहिला त्यालाच टेस्टिंगची सही करू देत नाहीत. बिलिंगच्या फडतूस मोड्यूललाही हा नियम लागू आहे. माणसाच्या उजव्या हाताला का नाही?

आधी यंत्र काय करतं ते बघू. ह्या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे एमआयटी-मानुस. नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स ह्या मंडळींनी अमेरिकेत एमआयटीमध्ये १९९०च्या सुमारास ते बनवायला घेतलं. टेबलावर एक आडवा यांत्रिक हात, त्याच्या टोकाला मूठ. रुग्णाने मूठ धरायची (धरता येत नसेल तर पट्ट्याने बांधायची) आणि पडद्यावरच्या ठिपक्यापर्यंत न्यायची. हात अडला की मोटर ढकलते, वाट चुकला की परत वाटेवर आणते. जमेल तितकं तुम्ही करा, उरलेलं मी करते, असा मामला. आणि हे चालू असताना मूठ कुठे आहे, किती वेगात आहे, किती जोर लागतोय हे सगळं सेकंदाला शेकडो वेळा नोंदवलं जातं. इंजिनियरच्या तोंडाला पाणी सुटेल असा डेटा! त्यातूनच ते 'वाटेतली चूक इतके टक्के कमी', 'वेग इतके टक्के जास्त' वगैरे काढतात.

आता ह्यात काय काय शिजतं बघा. मोटर मदत करत असताना मोजलेली सुधारणा कोणाची, हाताची की मोटरची? दुसरं म्हणजे सराव. तोच खेळ वीस दिवस खेळल्यावर मीसुद्धा सुधारेन, माझ्या मेंदूला काही झालेलं नसताना. तिसरी भानगड सगळ्यात चोरटी आहे. पक्षाघाताचा रुग्ण खांदा आणि कोपर उघडून हात पुढे नेत नाही, तो कमरेतून अख्खं धड पुढे झुकवतो. मूठ ठिपक्यावर पोचते, पडद्यावर टाळ्या वाजतात, यंत्राच्या खात्यात 'यश' जमा. यंत्राला फक्त मूठ दिसते, पाठ दिसत नाही. ह्या शास्त्रातले लोक म्हणूनच दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवतात. गेलेली हालचाल परत येणं वेगळं, आणि दुसऱ्या कशाने तरी काम भागवणं वेगळं. काम भागवणं वाईट नाही, बऱ्याच जणांना शेवटी तेच करावं लागतं. पण एकाच्या नावावर दुसरं विकू नये.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण माझे मामा. वय एकसष्ट, उजवी बाजू गेली. दवाखान्याचं नाव घेत नाही. तिथे वीस सिटिंगचं रोबोटिक पॅकेज घेतलं, फिजिओ करणारी मुलगी चांगली होती, 'काका, आज मस्त झालं हं' म्हणत करून घ्यायची. शेवटच्या दिवशी रंगीत रिपोर्ट मिळाला. 'कार्यक्षमता' ५४ वरून ८३. कशाची कार्यक्षमता, कशातले ८३, हे विचारल्यावर 'सॉफ्टवेअर काढतं सर' असं उत्तर आलं. (सॉफ्टवेअर काढतं म्हणे. सॉफ्टवेअर कोण काढतं?)

मामी मात्र वेगळंच मोजत होती. कालनिर्णयच्या तारखेच्या चौकोनात ती बारीक रेघा मारायची. मामांनी आपणहून, कोणी न सांगता, उजवा हात वापरला की एक रेघ. नळ बंद केला, एक रेघ. ताटातली पोळी दाबून धरली, एक रेघ. पॅकेज सुरू व्हायच्या आठवड्यात रोज चार-पाच रेघा होत्या. पॅकेज संपलं त्या आठवड्यातही रोज चार-पाचच. मी तिला म्हटलं, "मामी, रिपोर्टमध्ये तर एकोणतीसने वाढलंय." तर म्हणाली, "असेल रे बाबा. पण शर्टाची बटणं अजून मीच लावते."

मामीला कल्पनाही नसेल, पण तिने जे केलं त्याला संशोधनात मोठा मान आहे. परीक्षेत हाताला काय जमतं आणि घरी हात खरोखर किती वापरला जातो ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली वाढली म्हणून दुसरी वाढतेच असं नाही. अमेरिकेत सेंट लुईसला कॅथरीन लँग ह्यांच्या गटाने हे मनगटावर ॲक्सेलरोमीटर बांधून तपासलं. धडधाकट माणसाचे दोन्ही हात दिवसभरात जवळजवळ सारखेच हलतात, दुय्यम हाताचं मुख्य हाताशी गुणोत्तर सुमारे ०.९५ येतं. (उजवा हात सगळं करतो आणि डावा आराम करतो, हा आपला नुसता समज.) मग २०१७ साली त्यांनी पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेल्या रुग्णांचा हिशोब मांडला. कसून सराव करून घेतल्यावर दवाखान्यातल्या चाचणीत गुण वाढले होते. मनगटावरच्या पट्ट्यांनी मात्र घरी काहीच फरक दाखवला नाही. आणि हा तर माणसांनी करून घेतलेला सराव होता, रोबो नव्हे. म्हणजे दवाखान्यातली चाचणीसुद्धा पुरी पडत नाही तिथे यंत्राच्या स्वतःच्या खेळातल्या गुणांची काय कथा.

बरं, रोबो घराबाहेरच्या परीक्षेला बसले आहेत का? बसले आहेत, आणि निकाल सगळ्यांसमोर आहेत. २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांचा अभ्यास आला. १२७ रुग्ण, पक्षाघाताला किमान सहा महिने झालेले. एका गटाला रोबो, एका गटाला तितक्याच जोराचा माणसाने करून घेतलेला व्यायाम, एका गटाला नेहमीचे उपचार. १२ आठवड्यांत ३६ सत्रं. एका सत्रात सरासरी १०२४ हालचाली (बरोब्बर एक केबी, आमच्या लोकांना शुभशकुनच). मोजायला फुगल-मायरची फूटपट्टी वापरली. स्वीडनमध्ये १९७५ साली तयार झालेली ही चाचणी, हातासाठी ६६ गुणांची. १२ आठवड्यांनंतर नेहमीच्या उपचारांपेक्षा रोबोवाले २.१७ गुणांनी पुढे होते, तेही आकडेवारीच्या दृष्टीने ठाम म्हणता येईल असं नाही. ३६ आठवड्यांनी अंतर २.८८ झालं, ते ठाम होतं. पण तितकाच व्यायाम माणसाने करून घेतला त्या गटाशी तुलना केली तर फरक शून्याच्या आसपास.

मग २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनचा रॅटल्स अभ्यास आला. ७७० रुग्ण, यंत्र तेच एमआयटी-मानुसच्या घराण्यातलं. इथे 'यश' कशाला म्हणायचं हे आधीच ठरवून ठेवलं होतं आणि ते यंत्राच्या बाहेरच्या चाचणीवर ठरवलं होतं. रोबो गटात ४४ टक्के यशस्वी, माणसांनी जास्तीचा सराव घेतलेल्या गटात ५० टक्के, नेहमीच्या उपचारांत ४२ टक्के. ह्या आकड्यांतून कोणी कोणापेक्षा सरस ठरलं नाही. खर्चाच्या हिशोबातही रोबो बसला नाही. हे निकाल इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात, तरी जाहिरातीत त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

ती बाहेरची चाचणी काय आहे हे कळल्यावर तर मला हसूच आलं. तिला ॲक्शन रिसर्च आर्म टेस्ट म्हणतात. १९ कृती, प्रत्येकीला शून्य ते तीन, एकूण ५७ गुण. साहित्य काय? अडीच ते दहा सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे, एक क्रिकेटचा चेंडू, धार लावायचा दगड, दोन पेले पाणी ओतायला, नळ्या, वायसर, गोटी, छर्रा. बोहरी आळीत एक चक्कर मारली आणि ठोकळ्यांसाठी सुताराला गाठलं की संध्याकाळपर्यंत पेटी तयार! लाखांतलं यंत्र खरं बोलतंय का हे तपासायचं साधन इतकं स्वस्त आहे. नीट शिकलेला आणि त्या यंत्राच्या विक्रीशी संबंध नसलेला फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट तेवढा हवा. ह्या शास्त्रातल्या जाणत्या मंडळींनी २०१७ साली एकत्र बसून प्रत्येक अभ्यासात फुगल-मायर आणि ही चाचणी असावीच अशी शिफारस केलेली आहे. मामांच्या रंगीत रिपोर्टमध्ये दोन्हींचा पत्ता नव्हता.

आता आकड्यांच्या आणखी एका गंमतीकडे येतो, ही आपल्या जातवाल्यांसाठी. पक्षाघातानंतर पहिल्या तीनेक महिन्यांत बहुतेकांचा हात काही ना काही आपोआप सुधारतो. २००८ साली श्याम प्रभाकरन, जॉन क्रॅकौर वगैरेंनी मांडलं की, फार गंभीर रुग्ण सोडले तर जेवढं गेलंय त्याच्या साधारण ७० टक्के परत येतं. हा 'नियम' दहा वर्षं मिरवला. एक्सेल उघडा. पहिल्या रकान्यात ० ते ६६ मधले शंभर यादृच्छिक आकडे भरा, हे 'आधीचे गुण'. दुसऱ्यात आणखी शंभर, पहिल्याशी काडीचाही संबंध नसलेले, हे 'नंतरचे गुण'. आता ६६ वजा आधीचे म्हणजे 'गेलेलं', आणि नंतरचे वजा आधीचे म्हणजे 'परत आलेलं'. ह्या दोन्हींचा सहसंबंध काढा. ०.७ च्या आसपास येईल! रुग्ण नाही, मेंदू नाही, नुसता रँड फंक्शन, आणि तरी 'जितकं जास्त गेलं तितकं जास्त परत आलं' असा झकास आलेख. आधीचे गुण दोन्ही बाजूंना लपलेले आहेत, बाकी काही नाही. २०१९ साली टॉमस होप आणि सहकाऱ्यांनी नेमकं ह्याच कारणावरून त्या नियमाची चिरफाड केली. आपोआप सुधारणा होत नाही असं त्यांचं म्हणणं नव्हतं, ती इतकी नियमाने होते हा आव खोटा होता. आता विचार करा, मोठ्या विद्यापीठांतली माणसं आधी-नंतरच्या वजाबाकीने चकतात, तर पक्षाघातानंतर सहाव्या आठवड्यात सुरू केलेल्या पॅकेजचा 'आधी ५४, नंतर ८३' हा पुरावा कशाचा? पॅकेजचा, काळाचा, की सॉफ्टवेअरचा?

इथे हमखास येणारं उत्तर म्हणजे, अहो पण रोबोमुळे सराव तरी होतो ना. होतो. आणि हा मुद्दा खरा आहे, त्याला झटकून टाकता येत नाही. लँग ह्यांच्याच गटाने २००९ साली ३१२ प्रत्यक्ष सत्रांत बसून मोजलं, तर हाताने काही उपयोगाचं काम करायच्या आवृत्त्या सत्राला सरासरी फक्त ३२ निघाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच आकडा शेकड्यांत असतो. बत्तीस! आपण मोबाइलचं लॉक दिवसातून ह्याहून जास्त वेळा उघडतो. त्यामानाने न थकणारं, न कंटाळणारं यंत्र म्हणजे वरदान. २०१८ च्या कॉक्रन आढाव्यात ४५ चाचण्या आणि १६१९ रुग्ण एकत्र घेतल्यावर यंत्राच्या मदतीने हात आणि रोजची कामं सुधारतात असंच दिसलं. फायदा लहान, पण आहे.

पण ह्याच्या पुढचं वाक्य कोणी उच्चारत नाही. २०१० साली त्याच लोकांनी माणसांकडूनच, साध्या डबे-बाटल्या-नाणी घेऊन, तासाला सरासरी ३२२ आवृत्त्या करून घेतल्या. रोबो नव्हता. सत्राची आखणी बदलली एवढंच. म्हणजे ३२ हा आकडा मानवी मर्यादा नव्हतीच, सवय होती. आणि नुसती संख्या फुगवूनही भागत नाही. २०१६ साली ३२००, ६४०० आणि ९६०० आवृत्त्यांची तुलना झाली (जुन्या पक्षाघाताचे ८५ रुग्ण), तर जास्तवाल्यांना जास्त फायदा झाला नाही. उलट लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये तीन आठवड्यांत ९० तास, माणसांनीच, अगदी एकेकाच्या गरजेप्रमाणे काम घेतलं तेव्हा जुन्या रुग्णांतही भरघोस फरक दिसला. तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता हे खरं. पण ह्या दोन निकालांमध्ये मधे कुठेतरी 'काय करून घेतलं' हा प्रश्न उभा आहे आणि त्याचं उत्तर फुगे फोडण्याच्या खेळात असेल असं मला वाटत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय तर हातमोजा आहे. चांगल्या हाताला जाडजूड मोजा घालायचा, म्हणजे लंगडा हात कामाला लागतो. २००६ साली २२२ रुग्णांवर त्याची मोठी चाचणी होऊन तो उतरलेला आहे, अर्थात ज्यांच्या मनगटात-बोटांत थोडी हालचाल शिल्लक आहे अशांसाठीच. ह्याचा फ्लेक्स मी कुठे पाहिला नाही. मोज्याला ईएमआय लागत नाही ना.

पैशांचा विषय निघालाच आहे तर आपल्या सगळ्यांकडे असलेली मेडिक्लेमची पॉलिसी काढा. इर्डाईने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी वगळलेल्या गोष्टींची भाषा एकसारखी केली. त्यातलं पाचव्या क्रमांकाचं कलम शोधा. मथळा आहे 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर'. म्हणजे नुसतं पडून राहायला दाखल होणं आणि गेलेला हात परत मिळवणं हे एकाच रांगेत! २०२० ची प्रमाणित 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी रोबोटिक शस्त्रक्रियेला विमा रकमेच्या निम्म्यापर्यंत पैसे देते. दवाखान्यातून सुटल्यावरचा खर्च मात्र साठ दिवस. एकसष्टाव्या दिवशी हात बरा झालेला असतो अशी समजूत दिसते. तेव्हा लोक खिशातून भरतात, आणि खिशातून भरणाऱ्या माणसाला रंगीत आलेख दाखवला की तो आणखी दहा सिटिंगचे पैसे भरतो. मामांनीही भरले असते, मामीने रेघा मोजल्या नसत्या तर.

फिजिओ लोकांवर माझा राग नाही. एकेकाच्या मागे इतके रुग्ण असताना त्यांनी ३२२ आवृत्त्या कुठून आणायच्या? 'मग घरच्यांनाच शिकवा' हाही सोपा उपाय नाही. तो भारतातच तपासून झालाय. अटेंड नावाच्या अभ्यासात १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण होते, घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवलं. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत ४७ टक्के. तंतोतंत सारखं. तेव्हा यंत्र हवंच आहे. फक्त ते कसलं हवं?

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडे बघा. तिथले शिवकुमार बालसुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी 'प्लूटो' नावाचा छोटा, एकच मोटर असलेला, हाताच्या वेगवेगळ्या हालचालींसाठी मुठी बदलून वापरता येणारा रोबो केला. त्याआधी त्यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर हालचालीचा सफाईदारपणा मोजायची 'स्पार्क' नावाची रीत काढली. निरोगी हात वस्तूकडे जातो तेव्हा त्याच्या वेगाचा आलेख एकाच घंटेसारखा असतो. पक्षाघातानंतर तो तुटक, पाच-सहा टेकड्यांचा होतो. पूर्वी हे मोजायला त्वरणाच्या बदलाचा दर काढत, पण सिग्नलचं तिसऱ्यांदा विकलन केलं की सगळा कचरा वर येतो, कॉलेजात केलंय आपण. 'स्पार्क'मध्ये वेगाचं फूरिये रूपांतर घेऊन त्याच्या वक्राची लांबी मोजतात, कचऱ्याचा त्रास फार कमी. असं मोजमाप मोटर मदत करत नसताना घेतलं तर त्याला अर्थ आहे. भारतात हे काम झालंय, आणि आपण 'सॉफ्टवेअर काढतं सर' वर समाधान मानतोय.

पुण्याला तर सबब नाहीच. १९४४ पासून इथे लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. आयआयटी मुंबईच्या बेटिक ह्या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राची शाखा सीओईपीत आहे, पाषाणला एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, हिंजवडीत एम्बेडेडवाले गल्लोगल्ली. ह्या गावाने आणखी एक फुगे फोडायचा खेळ बनवू नये. दोन मनगटांना दोन पट्टे, आत चिल्लर किमतीचा ॲक्सेलरोमीटर, आठवडाभर टिकणारी बॅटरी, आणि शेवटी फक्त एक गुणोत्तर. चालताना हात झुलतात त्या हालचाली वगळायला लागतील, रिक्षातले गचके वगळायला लागतील, हे खरं इंजिनियरिंगचं काम आहे आणि अवघड आहे. मामीच्या रेघांशी तो आकडा जुळायला हवा ही चाचणी.

आणि कोणी रोबोचं पॅकेज विकायला आलं तर पैसे देण्याआधी एवढंच करून घ्या. धड खुर्चीला पट्ट्याने बांधायला सांगा, मोटरची मदत बंद करायला सांगा, आणि मग तोच ठिपका गाठून दाखवायला सांगा. पहिल्या दिवशी एकदा, शेवटच्या दिवशी एकदा. मामांच्या दवाखान्यात मी हे विचारलं होतं. 'तसा मोड आमच्या व्हर्जनमध्ये नाही' म्हणाले.